खालचे शेत आणि समुद्राकडचे दार

मी, नगरपालिकेच्या समुद्रबांधावरचा निवृत्त दारवाला, वय अठ्ठ्याहत्तर, आज सकाळी स्वतः चहा करून प्यालो आणि त्यात साखर घालायला विसरलो नाही. तेव्हा डोके ठिकाणावर आहे असे धरावे. कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. पूर्वी लिहिलेले कागद रद्द.

१. दोन खोल्यांचे घर मुलाला. पश्चिमेच्या खिडकीवर छत गळते. तो दहा वर्षे ‘बघू’ म्हणतो आहे. आता त्याचेच आहे, बघावे.

२. बँकेत असेल ते मुलगा आणि मुलगी यांत निम्मे. भांडायला पुरणार नाही.

३. खालचे शेत मुलीला आणि त्याबरोबर समुद्राकडचे दारही. गावची निम्मी जमीन समुद्राच्या पातळीखाली आहे. ओहोटीला दार उघडून शेतांतले पाणी सोडायचे, भरतीआधी लावायचे. ज्याचे शेत सर्वांत खाली त्याच्याकडे दार, हा पालिकेचा पहिला ठराव. कारण चूक झाली तर आधी तोच बुडतो.

मुलगा म्हणाला, “ताईला जमीन आणि मला भिंती?”

मी म्हणालो, “भरती कधी विचारलं की तू मोबाइल बघतोस. ती चिखल बघते.”

४. हे कलम लिहायला बत्तीस वर्षे लागली. त्या वर्षी बंदरातून भरती-ओहोटीचे छापील वेळापत्रक प्रथमच आले. मीही चिखल न बघता कागद बघितला. वेळा बंदराच्या होत्या. आपल्या खाडीत पाणी चाळीस मिनिटे आधी चढते. मी पोचलो तेव्हा लोंढा आत शिरला होता आणि दार लागेना. कांदा, कोबी, सगळे गेले.

पालिकेच्या इंजिनिअरने विचारले, “दार का लागलं नाही?”

मी म्हणालो, “बिजागरी आखडली होती.”

ते खोटे होते. बिजागरी लोहाराने केलेली, उत्तम होती. पालिकेने त्याला पुन्हा काम दिले नाही. तो खिडक्यांचे गज करीत राहिला आणि दर शनिवारी माझ्याकडे चहाला येत राहिला.

पुढे त्या खारट मातीत फक्त टोमॅटो धरला, लहान आणि फार गोड. आजची पॅकिंग शेड, थंड ट्रक, बाजारातले नाव, सगळे त्यावर उभे आहे. माजी नगराध्यक्षांनी शताब्दीच्या पुस्तकात याला स्वतःची दूरदृष्टी म्हटले आहे. त्यांना माझ्याकडून दुसरे काही देण्याची गरज नाही.

हे कलम पालिकेच्या सभेत मोठ्याने वाचावे. लोहार तेव्हा खुर्चीवर बसलेला असावा, दाराशी उभा नको.

५. पहार आणि गुडघ्यापर्यंतचे बूट मुलीला. बूट मोठे होतील. दोन मोजे घालावेत.

पहिला साक्षीदार लोहार. त्याने आधी कलम चार वाचावे. सही न करता उठला तर कोणी अडवू नये. जागा कोरी राहू द्यावी.

ठिकाण: स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: ११ मार्च, सकाळची ओहोटी
सही: दारवाला

साक्षीदार दोन, शेजारच्या शिक्षिका: सही

साक्षीदार एक, लोहार:
वाचलं. त्याच आठवड्यात जाऊन बिजागरी हलवून बघितली होती मी. लोण्यासारखी फिरत होती. तुझी पोरं लहान होती, नोकरी गेली असती, म्हणून बोललो नाही. सभेत वाचायचंच असेल तर तू जिवंत असताना वाच. मी शेजारी बसतो.
सही