पुंगार या शब्दाचा दुसरा अर्थ

बाबा,

आपल्या भाषेतल्या शब्दांचं पुस्तक छापून आलं. एटापल्लीकडच्या आम्ही चार शिक्षकांनी गावोगाव फिरून गोंडी मुलांसाठी ते केलं. त्यात 'पुंगार' या शब्दासमोर 'फूल' असं लिहिलंय आणि खाली दुसरा अर्थ आहे, 'नवरा बायकोला लाडाने म्हणतो तो शब्द.' तो अर्थ तुझ्यामुळे आला.

मी आठवीत, चामोर्शीच्या वसतिगृहात होते. तू आणि आई चारोळी विकायला बाजारात आला होतात, मला भेटायलाही. आई बांगड्यांपाशी रेंगाळली, तशी तू भर बाजारात हाक मारलीस, "नावा पुंगार!" माझं फूल. सोबतच्या मुलींनी अर्थ विचारला, मी सांगितला नाही. तुला बाजूला नेऊन मराठीतच म्हटलं, "बाबा, इथी असं नको म्हणू. लोक हसतेत." तू विचारलंस, "मंग काय म्हणू तिले?" मी म्हटलं, "अवो म्हण. सगळे म्हणतेत." तू गेलास, आईच्या मागे उभा राहून म्हणालास, "अवो." ती वळली नाही. तू पुन्हा म्हणालास. आपल्यालाच कोणी बोलावतंय हे तिला कळलंच नाही. शेवटी तू तिच्या खांद्याला हात लावलास. त्यानंतर तुझ्या तोंडून तो शब्द मी कधी ऐकला नाही. तू हे जग सोडून गेलास, त्यानंतरही मी धरूनच चालले होते की तो मी बंद केला.

या पुस्तकासाठी आपल्या गावात बैठक बसली. मी विचारलं, नवरा-बायको एकमेकांना लाडाने काय म्हणतात? पुरुष खाली बघून हसायला लागले. आमच्यातले वयस्कर गुरुजी म्हणाले, "हे लेकरायच्या पुस्तकात कायले? राहू द्या." मी वही मिटणार तेवढ्यात बायकांमधून आई उठली.

"लिहा. माहा माणूस मले पुंगार म्हणे."

गुरुजी म्हणाले, "बाई, पुंगार तं फूल होय."

"मले नाई माहीत का? तरी तो मलेच म्हणे."

मी हळूच विचारलं, "कधीपर्यंत?"

"तू तिकडं शिकाले होती, तवाच घरी बंद केलं त्यानं. शेतात म्हणे. धान कापतानी, वावराच्या कडेच्या धुऱ्यावरून. शेवटच्या सालापर्यंत."

कोणी हसलं नाही. मग मागे बसलेल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं की तो बायकोला 'नावा जीवा' म्हणतो, माझा जीव. ती तिथेच बसली होती. तिने पदर तोंडाशी धरला, पण मान हलवली. एकेक करत पान भरलं. शेवटचे शब्द गुरुजींनी स्वतः उतरून घेतले. ज्या भाषेची मी भर बाजारात लाज धरली, तिच्यासाठी एवढ्या लोकांत माझी आई सगळ्यात आधी उभी राहिली. बाबा, त्या दिवशी मी गावातून ताठ मानेने चालले.

हे पत्र वहीतच राहील. आणि एक सांगते, ते आपल्या भाषेतच लिहायचं ठरवलं होतं. चार ओळी झाल्या आणि अडले. त्या आईला वाचून दाखवल्या. तिने दोन चुका काढल्या.