ग्लेनफारनच्या पाळकघरातून वृद्ध दांपत्यास न काढण्याबाबत

प्रति,
माननीय अध्यक्ष,
पाळकमंडळ, स्ट्रॅथकेरन

विषय : माजी पाळक श्री. ऑगिल्वी व त्यांच्या पत्नीस पाळकघरात राहू देण्याबाबत.
संदर्भ : घर खाली करून घेण्याचा मंडळाचा हुकूम.

महोदय,

१. मी, गिल्बर्ट मॅककिनेल, ग्लेनफारनचा नवा पाळक, सविनय कळवितो की, श्री. निनियन ऑगिल्वी यांनी जुन्या राजाशी इमान राखून नव्या राजा-राणीसाठी प्रार्थना म्हणण्यास नकार दिल्याने मंडळाने त्यांना पदच्युत केले. तथापि ते पाळकघरातच राहतात आणि चर्चला येणारी मंडळीही मनाने त्यांच्याकडेच आहे. मी आलो त्या दिवशी बायकांनी चर्चच्या दारात ठिय्या देऊन माझ्यावर चिखल फेकला. तेव्हापासून मी लोहार वॉल्टर डफस यांच्या माळ्यावर राहतो व त्यांच्या गोठ्यात उपासना घेतो. गावात माझ्या बाजूचे तेवढेच एक आहेत.

२. हुकूम बजावण्यास मी पाळकघरी गेलो. सौ. युफेमिया ऑगिल्वी अंथरुणाला खिळलेल्या असून त्यांना दिसत नाही. त्यांनी आतून विचारले, “कोण आलंय हो?” श्री. ऑगिल्वी म्हणाले, “नवे पाळक. घर बघायला आलेत.” त्यावर बाई म्हणाल्या, “मग त्यांना सांगा, वारा पूर्वेचा असला की चूल पेटवू नका. आम्हाला कळायला दोन हिवाळे गेले.” हुकूम खिशातून काढणे मला जमले नाही.

३. श्री. डफस रोज विचारतात, “दिलात कागद?” नाही म्हटले की म्हणतात, “मग उपदेश कुणाला करता, माझ्या गाईंना?” माझे चित्त थाऱ्यावर नाही. बायबल उघडतो, मिटतो. टेकडी चढतो, उतरतो. पुन्हा गेलो तेव्हा श्री. ऑगिल्वी स्वतःच म्हणाले, “द्या इकडे तो कागद. तुमच्याच्यानं व्हायचं नाही ते. तिला मात्र उन्हाळा आलाय असं सांगून बाहेर न्यावं लागेल.” मी कागद दिला नाही.

४. घर जबरीने खाली करण्यास शेरीफांचे शिपाई गुरुवारी येणार असे कळते. कायद्याने पाळकघर माझे आहे. सबब शनिवारी मी माझी पेटी घेऊन तेथे राहावयास गेलो. श्री. ऑगिल्वी म्हणाले, “वेड लागलंय का? मंडळ तुम्हालाही काढेल.” बाई म्हणाल्या, “राहू द्या की. येरझाऱ्या घालतात ते बरं वाटतं. घरात कुणी चालतंय, असं ऐकू तरी येतं.”

५. रविवारी बायका चर्चच्या दारात होत्याच, परंतु त्यांनी मला वाट दिली. आत कोणी आले नाही. मी रिकाम्या बाकांपुढे राजा-राणीसाठी प्रार्थना म्हटली व उपदेश पूर्ण केला. त्या बाहेर थंडीत उभ्या राहून ऐकत होत्या.

तरी सौ. ऑगिल्वी हयात असेतो उभयतांस घरातून काढू नये, ही विनंती. मंजूर नसल्यास शिपायांनी आधी मला काढावे. गुरुवारी मी दारातच उभा असेन.

अद्याप आपल्या आज्ञेतला,
गिल्बर्ट मॅककिनेल
पाळक, ग्लेनफारन
सोमवार, ९ नोव्हेंबर १६९१