पडदा निळा नव्हता

मंगळवार, १४ नोव्हेंबर

प्रिय भावजी,

बरे असाल. आम्हीही ठीक आहोत. आईंचा गुडघा पुन्हा धरलाय, पण औषधाचं नाव काढलं की अजून भांडतात, म्हणजे बऱ्या आहेत असं समजा. चिमणीचा पुढचा दात पडला. हसली की दिसू नये म्हणून तोंडावर हात धरते. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. नवा पत्ता तुमच्या जुन्या शेजाऱ्याने दिला. त्याच्यावर रागावू नका, मीच फार मागे लागले.

मागच्या आठवड्यात चौकशीचे साहेब घरी येऊन गेले. "मिस्टर कारखान्यातलं घरी बोलायचे का?" म्हणाले. मी म्हटलं, जेवताना दुसरं काही बोलायचेच नाहीत. खरंच की! बर्फाच्या कारखान्यातल्या त्या कॉम्प्युटरने आमचं किती डोकं खाल्लं. विषारी अमोनिया गॅस गळला की भोंगा वाजवायचं काम त्याचं, आणि तोच मध्येच कोलमडायचा, आपला आपण पुन्हा सुरू व्हायचा. बघणाऱ्याला वाटायचं, चालू आहे. पण कुणी पासवर्ड टाकेपर्यंत भोंग्याचा प्रोग्रॅम बंदच. "सरळ झोपला तरी चालेल गं," हे म्हणायचे, "हा डोळे उघडे ठेवून झोपतो."

म्हणून यांनी कॉम्प्युटरवाल्याला बोलावून ते आपोआप सुरू होणंच बंद करून घेतलं. कोलमडला की कॉम्प्युटरचा पडदा निळा होतो, तो आता तसाच राहणार, पार दारातूनही दिसणार. आणि पडदा निळा असेल तर कॉम्प्रेसरच्या खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही, असं सगळ्यांना बजावलं. तुम्हालाही.

साहेब म्हणाले, कारखान्याच्या मते असं काही कधी झालंच नव्हतं. कॉम्प्युटर पहिल्यापासून होता तसाच होता, आणि हे बेफिकिरीने आत गेले. सुपरवायझरनेही तसंच लिहून दिलंय.

सुपरवायझर म्हणजे तुम्ही.

मी साहेबांना चहा दिला. 

भावजी, हॉस्पिटलच्या जिन्यात तुम्ही माझ्याजवळ येऊन बसला होतात. डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते. तुम्ही खालमानेने म्हणालात, "वहिनी, काम खोळंबतं म्हणून मालक ओरडला. मी तो कॉम्प्युटर परत पहिल्यासारखा, आपोआप सुरू होणारा केला. दादाला सांगायचं राहून गेलं." मी ऐकलंच नाही असं दाखवलं. तुम्हाला वाटलं असेल, हिचं भान कुठे आहे. मी शब्द न् शब्द ऐकला होता. स्वयंपाक करताना, केस विंचरताना, तेवढंच कानात असतं.

म्हणजे त्या दुपारी यांनी दारातून बघितलं असणार. पडदा निळा नव्हता. भोंगाही वाजला नव्हता. म्हणून आत गेले, आणि आत गॅस होता. माझा माणूस बेफिकीर नव्हता हो.

तुम्ही मुद्दाम केलंत, असं मी कधीच म्हणणार नाही. मालकासमोर तुमची बोबडी वळते, यांचीही वळायची. सांगायचं राहून गेलं, हेही मी एक वेळ गिळेन. पण ते लिहून दिलंत, ते काही राहून गेल्यातलं नाही. ज्याने तुम्हाला तिथे चिकटवून दिलं, त्याच्यावरच सगळं ढकललंत.

काल आईंना सांगितलं.  त्या म्हणाल्या, "एक गेला. दुसऱ्याला मी आता काय म्हणू?" 

शुक्रवारी मला जबाबाला बोलावलंय. जिन्यातलं बोलणं मी सांगणार आहे. तुमची नोकरी जाईल, कदाचित त्याहून वाईट होईल, मला ठाऊक आहे. त्याआधी तुम्ही स्वतः जाऊन सांगितलंत, तर ते माझ्या तोंडून निघायला नको. चिमणी एक दिवस विचारेल, बाबा कसे गेले. तिला मी खरं तेच सांगेन. काकाबद्दल काय सांगायचं, ते मात्र अजून तुमच्या हातात आहे.

आईंचे आशीर्वाद लिहू का, म्हणून आत्ता विचारून आले. त्या काही बोलल्या नाहीत.

तुमच्या दादाची बायको