वायपरची मोटार

ह्यूएंडन,
१४ ऑगस्ट

प्रिय क्लेम,

नमस्कार. तिकडे समुद्रकाठी तुझे गुडघे बरे असतील असं धरून चालते. इथे जून-जुलैची थंडी ओसरली. तुझ्या लिंबाला मी पाणी घालते, पण ते काही माझं ऐकत नाही.

चार वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. मी कॅमेऱ्यासाठी सरकती गाडी बनवते आहे. दोन नळ्यांवर कॅमेरा हळूहळू सरकतो आणि पाणवठ्यावरच्या ब्रोल्गा क्रौंचांचा नाच चालता चालता टिपतो. हाताने ढकलला की चित्र थरथरतं. म्हणून मोटार हवी.

कॅमेरा क्लबच्या आयोनाने माझं डोकं खाल्लं. "अगं बाई, पावलापावलाने फिरणारी स्टेपर मोटार घे, दातेरी पट्टा लाव, लोण्यासारखी सरकेल." मग म्हणाली, नाहीतर दांडा पुढेमागे ढकलणारी घे. पण तिचा दांडा हातभरसुद्धा जात नाही. मी सांगितलं, मी वायपरची मोटार लावणार. "भंगारातली? घरघर करील ती! तुझे पक्षी थेट डार्विनला पोचतील!"

करू दे घरघर. मी तीच लावली. तिच्या फिरत्या हाताला लांब काठी जोडली. एका फेरीत कॅमेरा पुढे जाऊन परत येतो. वेग कमी करायला मध्ये एक बटण बसवलं.

आणि पहिल्याच दिवशी भलतंच झालं. कॅमेरा पार टोकाला होता. मी मोटार बंद केली, तर तो थांबेचना. उलट वेग वाढवून, घाईघाईने निघाला आणि माझ्यापाशी येऊन मगच गप्प झाला. पुन्हा केलं. पुन्हा तेच. भरदुपारी शेडमध्ये मी एकटी. मी "कोण आहे?" असं मोठ्याने विचारलंसुद्धा.

आयोनाला सांगितलं तर ती हसली. "भूत नाही गं. वायपर बंद केला की काचेच्या मध्ये थांबत नाही, खाली आपल्या जागी जाऊन थांबतो. त्याची वेगळी वायर असते. गाडीतल्यासारखी जोडलीस ना सगळी? काप ती." मी विचारलं, आणि वीजच गेली तर? "मग असेल तिथेच अडकतो."

क्लेम, ती मोटार आपल्या पांढऱ्या यूटची आहे, मागे उघडा हौदा असलेल्या त्या गाडीची. रीसची.

तू गेलास तेव्हापासून ती मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. ओढ्यातून काढून आणली तेव्हा तू तिच्याकडे पाहिलं नाहीस, मीही नाही. मोटार काढायला म्हणून मी ताडपत्री ओढली. खरं सांगू, मोटार हे निमित्त होतं. वायपर काचेच्या तळाशी होते, दोन्ही, आपापल्या जागी. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. आयोना बोलली आणि मी शेडमध्ये जाऊन ते पुन्हा पाहिले.

सगळे म्हणाले, मुसळधार पावसात पोरगं घाईघाईने ओढ्याच्या पाण्यात शिरलं. तू स्वतःला दोष देत म्हणालास, मी फोन केला म्हणून. अंधाराच्या आत जेवायला ये, असं दरडावलं म्हणून. तसं असतं तर पाण्याने वीज तोडली तेव्हा वायपर काचेच्या मध्येच कुठेतरी अडकले असते. त्याने ते स्वतः बंद केले होते. पाऊस थांबेपर्यंत तो काठावर वाट बघत होता, क्लेम. घाईतला माणूस वाट बघतो का? पाणी वरच्या अंगाकडून अचानक आलं आणि त्याला घेऊन गेलं. याहून जास्त मला ठाऊक नाही. पण घाई नव्हती, एवढं मी शपथेवर सांगते.

ती वायर मी कापलेली नाही. रोज एकदा मोटार चालू करते आणि तो दूर गेला की बंद करते. तो येतो. हे बरं नव्हे, मला कळतं. कधीतरी कापावी लागेल, पण ते माझ्या एकटीच्या हातून होणार नाही.

जेवायला ये. सावकाश ये. अंधार पडला तरी चालेल.

रीसची आई,
ग्लेनिस