सासूबाईंच्या कानावर गेलेली गोष्ट

मसाका इस्पितळ, शुक्रवार

प्रिय मेहुणे सेंपाला यांस,

किब्बुकाचा नमस्कार. तुम्ही, मुलं, गाई आणि कॉफीची झाडं सगळी खुशाल असाल, असं धरून चालतो. मी खुशाल आहे की नाही, ते वाचून तुम्हीच ठरवा.

माझं पोट सुटलं तेव्हा मुख्याध्यापकपद अंगी लागलं म्हणून तुम्हीच माझं अभिनंदन केलं होतंत. ती भरभराट नव्हती. आतड्यांमागे चरबीची गाठ होती, सहा किलोंची. अशी गाठ दहा वर्षांत एखादीच दिसते, असं डॉ. ओडोंग म्हणाले (मला उगीचच अभिमान वाटला). गेल्या शुक्रवारी ती सबंध काढली. पण त्यानंतर आतडी झोपूनच राहिली. अशा वेळी पोटातली हवा सरेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबही नाही, नाकात नळी, आणि पाच दिवसांत सरली नाही तर पोट पुन्हा उघडायचं.

तुमची बहीण बाळंतीण, म्हणून माझी देखभाल करायला तुमच्या मातोश्री आल्या. आपल्या रीतीप्रमाणे सासू-जावयानं एकमेकांचं तोंड पाहायचं नसतं की थेट बोलायचं नसतं, म्हणून त्यांनी खाटेशेजारी चादर बांधून घेतली आणि पलीकडे चटईवर ठाण मांडलं. त्यांना मला काही सांगायचं असलं की त्या सिस्टर नाबुकेराला सांगतात, हातभर अंतरावरून.

हवा सोमवारीच सरली. (तपशील नकोत.) पण डॉक्टर सहा विद्यार्थी घेऊन यायचे आणि गरजायचे, "काय मास्तर, गेली का हवा?" आणि चादरीपलीकडे सासूबाई! मी म्हणायचो, "नाही." कुजबुजावं तर म्हणायचे, "मोठ्यानं बोला, वर्गात ओरडता तसं!" चिठ्ठी लिहावी तर उजवा हात सलाईनसाठी फळीला बांधलेला.

बुधवारी ते म्हणाले, "उद्या सकाळी पुन्हा उघडू." मी डोळे मिटले. जीव जाणार होता, पण अब्रू शाबूत होती. तेवढ्यात चादरीपलीकडून आवाज आला, "सिस्टर, त्या डॉक्टरला सांग, सोमवारी दुपारी एकदा गेली, संध्याकाळी दोनदा. आज पहाटेची तर चर्चच्या घंटेआधी. मी दोन दिवस देवाचे आभार मानतेय, आणि हा शहाणा नाही म्हणतोय! लाजेपायी माझ्या लेकीला विधवा करायला निघालाय!"

डॉक्टरांनी पोटाला स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि खाटेच्या दांडीला धरून हसले. दुपारी मला मातोके केळ्यांची पातळ पेज मिळाली. इतकी चविष्ट पेज मी जन्मात खाल्ली नव्हती.

तुमचा,
किब्बुका

ता. क. अक्षर थरथरतंय. सासू-जावयाची मर्यादा मोडली की हात थरथरू लागतात, असं आजी सांगायची. डॉक्टर म्हणतात, उपासामुळे. तरी प्रायश्चित्ताचा कोंबडा तयार ठेवा.

ता. क. २. खरं काम हे: त्यांनी माझा जीव वाचवला आणि मला तोंडावर आभार मानता येत नाहीत. सासूबाई गावी परतल्या की माझ्या वतीनं तुम्ही गुडघे टेकून आभार माना. मात्र हे पत्र त्यांच्यासमोर वाचू नका.

ता. क. ३. नाबुकेरानं पाकिटात घालण्याआधी पत्र मोठ्यानं वाचलं. चादरीपलीकडून निरोप आहे: त्यांचे हात ठणठणीत आहेत, आभार पोचले, कोंबडा जावयालाच शिजवून घालावा. आणि संध्याकाळी दोनदा नव्हे, तीनदा असं त्या म्हणाल्या होत्या. मास्तरानं कमी लिहू नये.