गुरुवार सातची मालिका

माननीय कार्यक्रम प्रमुख यांना नमस्कार,

प्रेम आणि दोस्तीत घोळ घालणाऱ्या पोरापोरींची तुमची विनोदी मालिका तुम्ही नऊ आठवड्यांतच बंद केली. त्याची तक्रार करायला मी हे पत्र लिहायला घेतलं होतं.

माझे यजमान वारून सहा वर्षं झाली. तेव्हापासून संध्याकाळी घर खायला उठतं. शेजारची जयवंता दर गुरुवारी सातला मालिका बघायला माझ्याकडे यायची, कारण सुनेसमोर असलं बघायची तिला लाज वाटे. मालिकाच नाही, तर आता ती कशाला येईल, या धास्तीत मी होते. ‘नुसतीच ये’ म्हणायला जीभ रेटत नव्हती.

काल सातला ती मेथीची जुडी घेऊन दारात उभी.

“सिरियल तं बंद झाली वं,” मी म्हणाले.

“मले मालूम हाय. सरक, बसू दे. त्या पोरीनं शेवटी कोनाले पसंत केलं असतं?”

मी म्हटलं डॉक्टरला, ती म्हणे त्या फुकट जेवणाऱ्या दोस्ताला. मेथी निवडून संपली तरी आमचं भांडण चालूच.

तेव्हा माझी तक्रार राहू द्या. हे पत्र मी टाकत नाही. निकाल लागायचा आहे, म्हणून आज शुक्रवार असूनही ती येणार आहे.

आपली प्रेक्षक,
यशोधरा रामटेके
सक्करदरा, नागपूर