माझ्या सान्निध्यात लागणारी झोप

२ जानेवारी
मी, वाणिज्य शाखेचा पदवीधर, विमा कार्यालयातील क्लेम विभागाचा माजी मुख्य अधिकारी, विधुर, वय चौपन्न, सध्या सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी. गुरुदीक्षेपर्यंतची माझी प्रगती माझ्याच अवलोकनार्थ येथे नोंदवीत आहे. अधोगतीसाठी जागा सोडलेली नाही.

सेमिनरीचे प्रमुख, रेक्टर फादर, यांनी आज बोलावले. दीक्षेसाठी बिशपांकडे नाव पाठवण्याआधी एकच बाब उरली आहे: रुग्णालयातील सेवा. रोज दुपारी एका म्हाताऱ्या शिंप्याजवळ बसायचे. जवळचे कोणी नाही, दिवस थोडे उरलेत. "तिथं बोलू नका, नुसते बसा. एवढं जमलं नाही तर मला नाव पाठवता येणार नाही," म्हणाले. ही सूचना ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी असावी.

४ जानेवारी
'अनंत जीवन' या विषयाचे सहा मुद्दे काढून नेले. दुसऱ्या मुद्द्याच्या मध्यावरच शिंपी शांत झोपले. नर्सबाई म्हणाल्या, रात्रभर तळमळत होते. म्हणजे जे गोळ्यांना साधले नाही ते मला दीड मुद्द्यात साधले.

मला आश्चर्य वाटले नाही. पत्नीच्या अखेरच्या आजारात मी ऑफिसातून येऊन खुर्ची ओढली की ती डोळे मिटीत असे. तिच्या चेहऱ्यावरची ती शांती पाहूनच मला धर्मसेवेसाठी देवाचे पाचारण झाले. प्रवेशाच्या मुलाखतीत हे सांगितले तेव्हा रेक्टर फादर बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले होते. भारावले असावेत.

११ जानेवारी
आता माझी पावले वाजताच झोपतात. आज घोरलेही. नर्सबाई: "काका, एरवी आजोबा घोरत नाहीत हो." विशेष परिणाम. संकल्प: मुद्दे नऊ करणे.

१७ जानेवारी
सर्दी. नाइलाजाने माझ्याऐवजी सहाध्यायी, पूर्वाश्रमीचा बसड्रायव्हर, यास पाठवले. मनाने चांगला. व्यासंग बेताचा.

१८ जानेवारी
चौकशीअंती धक्कादायक बाब उघड. काल शिंपी दोन तास जागे होते! हसलेसुद्धा. ड्रायव्हरचा झगा खांद्यात उतरला आहे म्हणून अंगातून काढायला लावला आणि पलंगावर बसून टाके घालून दिले. तू कोणते मुद्दे घेतलेस, असे मी विचारले. ड्रायव्हर म्हणाला, "मुद्दे कसले? तेच बोलत होते, मी आपला हं हं करत होतो."

मरणासन्न माणसाकडून शिवणकाम! लेखी तक्रार केली. रेक्टर फादरांनी ती वाचून कपाळाला हात लावला. ताप असावा.

२३ जानेवारी
सूचनेप्रमाणे गप्प बसून पाहिले. शिंप्यांनी डोळे किलकिले केले. चार मिनिटांनी मी त्यांना गप्प बसण्याचे महत्त्व समजावून सांगितले. झोपले.

२९ जानेवारी
सातव्या मुद्द्यावर होतो. शिंप्यांनी एक डोळा उघडला आणि प्रथमच माझ्याशी बोलले. "साहेब, तुमचं चालू द्या. मी फक्त कूस बदलतो. झोपेचं सोंग घेऊन घेऊन कंबर धरलीय."

असे का, म्हणून विचारले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "एवढी तयारी करून येता तुम्ही. तोंडावर नको कसं म्हणायचं?" मग कूस बदलून, "त्या ड्रायव्हरला पाठवता का?"

पाठवले. सातवा मुद्दा अपुरा राहिला.

३ फेब्रुवारी
शिंपी पहाटे गेले. ड्रायव्हर जवळ होता. शेवटपर्यंत जागे होते म्हणाला.

रेक्टर फादरांनी माझे नाव पाठवलेले नाही. मी स्पष्टीकरण लिहून नेले होते. वाचून दाखवू लागलो तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि डोळे मिटले. मी वाचन तिथेच थांबवले.

९ फेब्रुवारी
मुलीकडे आलो. आजारपणात आईजवळ तीच असे, म्हणून एकच विचारले: मी आल्यावर आईला खरोखर झोप लागत असे ना?

ती ताट वाढत होती. म्हणाली, "बाबा, आधी जेवून घ्या. गार होतंय सगळं."

पुन्हा विचारले नाही. ४ जानेवारीची पत्नीविषयीची नोंद खोडलेली नाही. पुराव्याअभावी प्रलंबित.

(सही)
क्लेम विभागाचा माजी मुख्य अधिकारी
स्थळ: मुलीचे घर, बाहेरची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी